चुनखडीपाशी थांबलेला व्हिडिओ

धम्मपाल गजभिये गुरुजींचा आवाज ज्यानं ऐकला नाही, त्याला तो सांगून कळायचा नाही. तरी सांगायला हवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्या आवाजाच्या मागे राहिलेल्या जागेची आहे.

काही गळे गोड असतात, काही नुसते मोठे असतात. गुरुजींचा गळा भरलेला होता. चौदा एप्रिलला सेक्टर सहाच्या मैदानावर भीमगीतांचा कार्यक्रम असला की शेवटच्या गाण्याला ते उभे राहत. उजवा हात वर जाई. ढोलकीवाला, पेटीवाला आणि मागचा सगळा कोरस त्या हाताकडे पाहत असे. मूठ मिटली की वाद्यं जागच्या जागी गप्प. त्या शांततेत गुरुजी एकच ओळ म्हणत, कसलीही साथ न घेता. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बाया डोळ्यांना पदर लावत. मग तळहात उघडे आणि कोरस उसळून येई.

हाच माणूस दिवसा जामुलच्या एका लहानशा खाजगी शाळेत विज्ञान शिकवी. सिमेंट कारखान्यातल्या कामगारांची, ट्रकवाल्यांची, बाजारातल्या दुकानदारांची पोरं तिथं शिकत. बायको कांता पोलादाच्या प्लांटच्या एका ऑफिसात होती, म्हणून राहणं प्लांटच्या वसाहतीत, सेक्टर सहाच्या क्वार्टरमध्ये. रोज सकाळी स्कूटरला किक मारून गुरुजी जामुल गाठत. वर्गात शिरताना त्यांचा चेहरा विंगेतून रंगमंचावर येणाऱ्या नटासारखा होई. गुरुत्वाकर्षण शिकवताना ते आवाज असा खाली आणत, की पोरांना बाकावर बसल्या बसल्या जड झाल्यासारखं वाटे.

मग एका पावसाळ्यात घसा बसला. कांतानं हळदीचं दूध दिलं, शेजाऱ्यांनी ज्येष्ठमध आणून दिलं. घसा उठला नाही. रायपूरच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं आणि लांबट, सावध वाक्यांत सांगितलं की स्वरयंत्राचा एक पडदा काढावा लागेल. रोग गेला, जाताना आवाज घेऊन गेला. मागे उरली ती नुसती हवेची कुजबुज. वाळल्या पानांवरून कुणी अनवाणी चालावं तशी.

गुरुजी शाळेत परत आले, तेव्हा वर्ग उभा राहिला आणि गप्प राहिला. पोरं इतकी गप्प कधीच नसत. आपल्याला बिचारे मास्तर समजून ती गप्प आहेत, हे गुरुजींना फळ्याकडे वळता वळता कळलं. गोंगाट झाला असता तर बरं वाटलं असतं. त्यांची कुजबुज पहिल्या बाकापर्यंत पोचत होती. दुसऱ्या बाकावरची पोरं पुढे वाकत होती. शेवटच्या बाकावरची नुसती ओठ पाहत होती.

गुंजननं, त्यांच्या मुलीनं, कॉलरला लावायचा माईक आणून दिला. तोही लावून झाला. पण यंत्र जे असेल तेच मोठं करतं. वर्गभर फक्त वारा सुटल्यासारखा आवाज घुमला. दोन पोरांना हसू आवरलं नाही आणि गुरुजींनी माईक काढून खिशात ठेवला.

शाळेचे मालक भय्याजी बिसेन हे गोंदियाकडचे, शेतकरी घरातले. प्लांटातून निवृत्त झाल्यावर त्यांनी ही शाळा काढली होती. माणूस रोकठोक, पण वाईट नव्हे. त्यांनी गुरुजींना ऑफिसात बोलावून चहा मागवला.

"मास्तर, दिवाळीपर्यंत पाहू," ते म्हणाले. "जमलं त जमलं. नाही त इथं ऑफिसात टेबल आहेच तुमाले. दाखले लिहा, हजेरी पाहा. पण पोरायचं नुकसान नाही झालं पाहिजे."

यात चुकीचा शब्द एकही नव्हता. म्हणूनच ते बोलणं घरी जाईपर्यंत गुरुजींच्या छातीवर बसून राहिलं. टेबलाला त्यांची हरकत नव्हती. पण वर्गाबाहेरचा धम्मपाल गजभिये कोण असतो, हे त्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हतं.

त्या रविवारी गुंजननं मोबाईल त्यांच्या हातात दिला.

"पप्पा, हे पाहा ना."

"काय आहे?"

"आठवीचा चॅप्टर. छोटे छोटे व्हिडिओ आहेत. फुकट आहेत, कोणीही डाउनलोड करते."

पडद्यावर टी-शर्टमधला एक तरुण हवेचा दाब समजावत होता. गुरुजींनी थोडा वेळ पाहिलं आणि मान हलवली. "हा पोरगा श्वासच घेत नाही," ते कुजबुजले.

"तुम्ही त्याचं गाणं नाही ऐकून राहिले पप्पा, सायन्स पाहून राहिले."

कांता दारातून म्हणाली, "दुसऱ्या गवयाची चूक काढाले मात्र बराबर आवाज निघते."

गुरुजी हसले. त्यांचं हसणं आता फक्त खांद्यांत उरलं होतं. पण मोबाईल त्यांनी परत दिला नाही.

एक खुलं जगच होतं ते. बरंचसं भुसकट होतं. एक बाई इतक्या रंगांत पेशी दाखवत होती की पेशी रांगोळीसारखी दिसावी. पण मधेच कुठल्यातरी खेड्यातला एक मास्तर प्लॅस्टिकची बाटली आणि फुगा घेऊन उभा होता. अडखळत्या हिंदीत त्यानं फुप्फुस असं काही दाखवलं, की गुरुजींनी फोनलाच हात जोडले. मग एक बी दिसलं. मातीतलं बी. त्याचे सगळे दिवस कुणीतरी घटकाभरात गुंडाळून ठेवले होते. बी फुटलं, वळलं, मान वर करून उजेड शोधू लागलं. इतकी वर्षं गुरुजी आपल्या दोन तळव्यांनी ते अंकुरणं दाखवत आले होते. पोरं टाळ्या वाजवत. पण हे तर खरंच उगवत होतं. मोठ्या मनाच्या नटाला दुसऱ्याचा प्रवेश रंगलेला कळतो. गुरुजींना कळला.

शाळेत एक मोठा टीव्ही होता, कुणीतरी देणगी म्हणून दिलेला. त्याच्यावरचं प्लॅस्टिक अजून निघालं नव्हतं आणि रिमोट भय्याजींच्या कपाटात असे. पाहुणे आले की तो लागे. गुरुजींनी तो मागून घेतला. शाळेतलं नेट दुसऱ्या तासाला हमखास पळे, म्हणून व्हिडिओ घरीच उतरवून पेन ड्राइव्हमध्ये भरायचे, असं ठरलं.

आता खरं काम सुरू झालं. सेक्टर सहाच्या व्हरांड्यात बसून गुरुजी प्रत्येक व्हिडिओ आधी आवाजासकट पाहत, मग आवाज बंद करून. मुका व्हिडिओ पाहताना त्यांना एक गोष्ट उमगली. त्यात बोलणाऱ्यासमोर कुणी बसलेलंच नसतं. समोर प्रेक्षक नसलेला नट घाईत असतो. कुणाची भुवई वर गेली, कुणाचा चेहरा पडला, हे त्याला दिसत नाही. तो अवघड वाक्यावरून जसा धावतो, तसाच सोप्यावरूनही. गुरुजींच्या डोळ्यांसमोर मात्र वर्ग उभा राहत होता. इथं आठवीतली टीना अडेल. इथं मागचा बाक हसेल आणि पुढचं हरवेल. तिथं तिथं थांबायचं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गाला कोरसचे हात शिकवले. डाव्या हातात रिमोट, उजवा हात वर. मूठ मिटली की चित्र थांबणार आणि प्रत्येकानं शेजाऱ्याला सांगायचं की आत्ता काय पाहिलं. तळहात उघडला की एकानं उठून मोठ्यानं सांगायचं. बोट वर गेलं, तर ज्याला शंका आहे त्यानं विचारायचं. पोरांना मजा आली. आठवीचा मोनू, ज्याचा बाप सिमेंट कारखान्यात होता, त्याला सगळं इतकं पाठ होऊ लागलं की एकदा पचनसंस्था सांगून झाल्यावर त्यानं तोच सूर लावला, "और दोस्तों, चॅनल को सब्सक्राइब करना मत भूलिए." वर्ग हशानं फुटला. गुरुजींचे खांदे बराच वेळ हलत होते.

ती दयेची शांतता त्या दिवशी संपली.

चित्र थांबलेलं असताना गुरुजी बाकांमधून फिरत आणि अडलेल्या पोराशेजारी वाकत. पूर्वी त्यांचा आवाज सगळ्यांना मिळून असे. आता तो एकेकाच्या कानात वेगळा पडू लागला. नवरात्र आलं तोवर आठवीचं पुस्तक बरंच पुढे सरकलेलं होतं.

भय्याजी दोनदा दाराशी उभे राहून पाहून गेले. तिसऱ्यांदा त्यांनी गुरुजींना बोलावलं. चेहरा उजळलेला होता.

"मास्तर, मानलं तुमाले. कायची सुंदर व्यवस्था केली. मी का म्हणतो, हे सारं त टीव्हीच शिकवून राहिला. मंग तुम्ही कावून तरास करता? पेन ड्राइव्ह रीना मॅडमले द्या. कॉम्प्युटरचे तास झाले की ते मोकळीच राहते. ते बटन दाबन. तुम्ही आरामात बसा ऑफिसात."

गुरुजी म्हणाले, "भय्याजी, तसं नाही. टीव्ही नाही शिकवत."

पण हे वाक्य निघालं कुजबुजीत. बाहेर मधल्या सुट्टीचा कल्ला होता. भय्याजींनी कान पुढे केला, थोडं ऐकलं, मान डोलावली आणि म्हणाले, "हो हो, तब्येत पहिले." कुजबुजणाऱ्या माणसाचा नकारही होकारासारखाच ऐकू येतो. कधीकाळी ज्याच्या एका ओळीनं मैदान थांबत होतं, त्याला एका खोलीत एका माणसाला 'नाही' म्हणता आलं नाही. त्यांनी खिशातून पेन ड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला.

ऑफिसचं टेबल खिडकीजवळ होतं. दाखल्यांवर गुरुजींचं अक्षर सुरेख उतरत होतं. पण भिंतीपलीकडे आठवीचा वर्ग होता, आणि भिंतीतून त्यांनीच निवडलेले व्हिडिओ ऐकू येत. त्यांना जागा पाठ होत्या. आता थांब, असं त्यांच्या मनात येई आणि हात आपोआप टेबलावरून उचलला जाई. पलीकडचा आवाज न थांबता पुढे जाई. एका तासात चार चार व्हिडिओ संपत. वर्गातून दुसरा कुठलाच आवाज येत नसे.

घरी कांतानं विचारलं, "काय झालं जी? जेवून नाही राहिले."

"काही नाही. वेळेत घरी आलो ना, म्हणून वेगळं वाटते."

तिनं ताटात भात वाढला.

एक दिवस डब्याच्या वेळी रीना मॅडम ऑफिसात आल्या. दुर्गच्या मराठी घरातली मुलगी, शाळेत नुकतीच लागलेली. डबा उघडला, पण घास घेतला नाही.

"सर, मी सगळं तुमच्यासारखंच करते. प्ले करते, उभी राहते. बच्चे एकदम चुप. भय्याजी खूश आहेत. पण मले भीती वाटते."

"कशाची?"

"ते काही विचारतच नाहीत." तिनं डब्याचं झाकण पुन्हा लावलं. "परवा भट्टीचा व्हिडिओ लावला, लोखंड कसं बनते तो. मधातच मोनूनं हात वर केला. मी म्हटलं, पहले पूरा देख लो, फिर पूछना. पूरा झाल्यावर म्हटलं, पूछो. त म्हणे, भूल गया मॅडम."

गुरुजी पुढे वाकले. "हात कुठं वर केला?"

तिनं मोबाईलवर तोच व्हिडिओ लावला. दोघं पाहू लागले. भट्टीत वरून दगड पडत होते, भाजलेल्या कोळशाचा कोक पडत होता. "इथं," ती म्हणाली. "नाही, थोडं पुढं. हां, इथं."

पडद्यावरचा माणूस सांगत होता, की लोहखनिजाबरोबर चुनखडीही टाकतात. अर्धं वाक्य, आणि तो पुढे निघून गेला होता.

गुरुजींनी डोळे मिटले. त्यांनी व्हरांड्यात बसून नेमकी हीच जागा हेरून ठेवली होती. जामुलचं पोर दुसरीकडे कुठं थांबणार? चुनखडी म्हणजे त्याच्या बापाचा कारखाना. ती लोखंडाच्या भट्टीत काय करते?

"सर, तुम्ही या ना वर्गात. मी सांगते भय्याजींना."

"पोरी, तुझी नवी नोकरी आहे."

"मंग? खोटं बोलू? की सब बढिया चल रहा है म्हणून?"

भय्याजी हात पुसत आत आले, तेव्हा ती उभीच होती. "भय्याजी, मले हे नाही जमत."

"बटन दाबाले काय लागते वं? कॉम्प्युटरची डिग्री आहे ना तुई?"

"दाबता येते. कुठं थांबवायचं ते नाही येत."

"थांबवायचंच कावून? सलग चाललं त लवकर होते."

रीनानं गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी कागद ओढला नाही, खूणही केली नाही. ते उठून भय्याजींच्या अगदी जवळ गेले, इतके की त्यांना मागे सरता आलं नाही, आणि कानाशी म्हणाले, "एक तास बसा माझ्या वर्गात. मागच्या बाकावर. मंग टेबल म्हणसान त टेबल."

दुसऱ्या दिवशी भय्याजी आठवीच्या शेवटच्या बाकावर गुडघे दुमडून बसले. रिमोट रीनाच्या हातात होता. गुरुजी भिंतीला टेकून उभे. भट्टी पेटली, दगड पडले, कोक पडला, आणि "चूना पत्थर" हा शब्द पूर्ण होताच मूठ मिटली. चित्र थांबलं.

शांतता. वर्ग पडद्याकडे पाहत राहिला. शेजाऱ्याला सांगायची सवय मोडली होती. गुरुजी हलले नाहीत. रंगमंचावरची शांतता ज्यानं भोगली आहे त्यालाच कळेल की ती धरून ठेवायला किती बळ लागतं. रीनाचा अंगठा रिमोटवर वळवळला. मागून भय्याजींचा आवाज आला, "टीव्ही बंद पडला का?"

कुणी हसलं नाही. तेवढ्यात मोनूनं शेजारच्याला काहीतरी म्हटलं. शेजारच्यानं टीनाला. कुजबुज बाकाबाकांवरून सरकत गेली, आणि गुरुजींचं बोट वर गेलं.

मोनू उठला. "सर, चूना पत्थर तो हमारे यहाँ सीमेंट में जाता है. इसमें क्यों डालते हैं?"

गुरुजी फळ्याशी गेले. एका दगडाचं चित्र काढलं आणि त्यात दोन रंगांचे ठिपके भरले. टीनाजवळ वाकून काहीतरी म्हणाले. टीना उठून हळूहळू सांगू लागली. त्या दगडात लोखंड एकटं नसतं, रेती-माती पण असते. भट्टी तापली की लोखंड वितळतं, पण रेतीही मधेच अडकून बसते. मग तिला कोण धरून बाहेर काढणार?

"चूना," मागून कुणीतरी म्हणालं.

गुरुजींनी रीनाला मानेनं खूण केली. चित्र पुढे सरकलं. चुन्यानं रेतीला धरलं, दोघं मिळून वितळले आणि लोखंडावर तवंगासारखे तरंगू लागले. पुन्हा मूठ. तो तवंग म्हणजे स्लॅग, त्यांनी फळ्यावर लिहिलं. गुरुजींनी खिडकीकडे बोट केलं. खिडकीतून सिमेंट कारखान्याची चिमणी दिसत होती.

मोनू चिमणीकडे पाहत राहिला. मग तो बसल्या बसल्याच बोलला, गुरुजींशी नव्हे, स्वतःशी. "पापा बोलते हैं, प्लांट का स्लॅग आता है. वॅगन से. सीमेंट में पीसते हैं." तो थांबला. "मतलब वही है ये."

लोखंडाची घाण धरून बाहेर आलेली गोष्ट वॅगनमध्ये बसून त्यांच्या गावात येत होती, त्यांचे बाप ती दळत होते, आणि तिची घरं होत होती. हे व्हिडिओत नव्हतं. व्हिडिओ तर केव्हाच पुढे जायला निघाला होता.

घंटा झाली. पोरं गेली. भय्याजी बाकावरच बसून राहिले. बरंच आयुष्य त्यांनी प्लांटच्या गेटातून आत-बाहेर केलं होतं. आता ते चिमणीकडे पाहत होते.

"मास्तर," अखेर ते म्हणाले, "सहावी, सातवी, आठवी तुमची. टेबल राहू द्या." ते उठले, पण निघाले नाहीत. "पण दहावी मी तुमाले नाही देऊ शकत."

गुरुजींनी हातातला खडू फळ्याच्या कडेवर ठेवला.

"बोर्डाचं साल राहते. बाप लोक गेटवर येऊन विचारतात, सर बोलतात का नाही बोलत. मी एकेकाले इथं बसवून थोडी दाखवू शकतो? नवीन माणूस घेतो. वाईट नका वाटून घेऊ."

दहावी म्हणजे गुरुजींचा शेवटचा अंक. वर्षानुवर्षं तो त्यांनी एकट्यानं उभा केला होता. रीना काहीतरी बोलायला गेली, पण गुरुजींनी हातानं तिला अडवलं. त्यांनी भय्याजींकडे पाहून मान हलवली. या वेळी तो होकारच होता.

दिवाळीनंतर दुर्गहून भूपेंद्र नावाचे तरुण मास्तर आले. दहावीचा वर्ग आठवीच्या भिंतीला लागून होता. त्यांचा आवाज खणखणीत होता, भिंत ओलांडून यायचा. पहिल्याच दिवशी तो आवाज आला तेव्हा आठवीत चित्र नुकतंच थांबलं होतं आणि पोरांची तोंडं भिंतीकडे वळली.

गुरुजींनीही ऐकलं. गळा चांगला होता. श्वास जरा वर घेत होता, पण तयार होईल. त्यांनी मनातल्या मनात त्याला दाद दिली. मग पलीकडचं वाक्य संपेपर्यंत ते थांबले. पोरं हळूहळू भिंतीवरून त्यांच्याकडे वळली, एकेक करून, अगदी मागच्या बाकापर्यंत. शेवटचा चेहरा वळला तेव्हा ते टीनाच्या बाकाशी गेले आणि खाली वाकले.